जालन्याच्या काळ्या मातीत : दोन चाके की चार?

पावसाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावी जायचे झाले तर "किती किलोमीटर?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. "काल तिकडे पाऊस झाला का?" हे आधी विचारा. डांबरी सडक संपून गाडीवाट सुरू झाली की अंतराचा हिशेब मातीच्या हाती जातो. उन्हाळ्यात दहा मिनिटांत पार होणारी वाट आषाढात दोन तास खाते. कधी गाडी तिथेच ठेवून चपला हातात घेऊन पायीच घर गाठावे लागते.

अलीकडे खेडोपाडी एक चर्चा फार ऐकू येते. नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर साधा घ्यावा की चारही चाकांना जोर देणारा? जीप घ्यायची तर 'फोर व्हील'ची घ्यावी काय? घेतलेलीच असेल तर तो दांडा टाकायचा केव्हा आणि काढायचा केव्हा? या प्रश्नांची उत्तरे गाडीच्या चकचकीत कागदावर मिळत नाहीत, ती आपल्या शिवारात मिळतात. म्हणून चला, जालना जिल्ह्यात एक फेरफटका मारू आणि जाता जाता हा विषय समजून घेऊ.

सोन्याचा पाळणा आणि त्याची माती

'जालना सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. बाजारपेठ, सरकी-कापसाचा व्यापार आणि पुढे बियाण्यांचा व पोलादाचा उद्योग यांनी हे गाव नावारूपाला आले. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचा मोठा भाग आणि परभणीकडचा परतूरचा मुलूख मिळून जालना हा वेगळा जिल्हा झाला. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके त्यात आहेत. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेला गोदावरी आणि मध्ये पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्यांची खोरी, असा हा मुलूख.

पाऊस म्हणाल तर वर्षाला साधारण सहाशे ते सातशे मिलिमीटर. कोकणाच्या मानाने तो काहीच नाही. मग इथेच गाड्या एवढ्या का रुतत असाव्यात? उत्तर पायाखाली आहे. काळ्या कातळापासून तयार झालेल्या आपल्या भारी जमिनीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. ही चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच जमिनीचा लोण्यासारखा गारा होतो. हा गारा चाकाला नुसता लागत नाही, तर चिकटतो. चार फेऱ्यांत टायरची सगळी नक्षी भरून जाते आणि दातेरी टायर वरवंट्यासारखा गुळगुळीत होतो. त्यानंतर चाक फिरते, पण गाडी जागची हलत नाही.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. चार चाकांना जोर आहे, पण चारही गुळगुळीत झाली, तर दोनाऐवजी चार चाके जागच्या जागी फिरतील, एवढाच फरक.

बैलजोडीवरून समजून घ्या

यंत्राची भाषा अवघड वाटत असेल तर जू डोळ्यांसमोर आणा. जोडीतला एक बैल ढिला पडला की जू तिरके होते आणि दुसऱ्या बैलाची ताकद वाया जाते. जेवढे ढिला बैल ओढील, तेवढेच ताठ बैलाचे कामी येते. साध्या गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये 'डिफरन्शियल' नावाची दातेरी चाकांची पेटी असते, ती नेमकी या जुवासारखी वागते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते, त्यासाठी तिची गरज आहे. पण एक चाक चिखलात घसरले की इंजिनाचा फेरा तिकडेच पळतो आणि कोरड्यावरचे दुसरे चाक गप्प उभे राहते.

त्यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे ही पेटी काही वेळ जखडून टाकणे. त्याला 'डिफरन्शियल लॉक' म्हणतात. बहुतेक साध्या ट्रॅक्टरांना पायाशी त्याचे पायडल असते, पण कित्येक घरी ते वर्षानुवर्षे दाबलेच जात नाही. दुसरा उपाय म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणे, तीच आपली 'फोर व्हील'. १९४१ पासून विलीज कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी जीप बनवली, तेव्हापासून ही युक्ती जगभर माहीत झाली. पुढे महिंद्र कंपनीने ती आपल्या देशात आणली. मात्र खेड्यापाड्यांतून धावलेल्या कित्येक जीपगाड्या दिसायला जीप असल्या तरी त्यांना जोर मागच्या दोनच चाकांना होता, हेही विसरू नका. जुनी गाडी घेताना नावावर जाऊ नका. खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा आहे की नाही ते डोळ्यांनी पाहा.

गोदाकाठची भारी जमीन

आता जालन्याहून दक्षिणेला निघू. अंबडला टेकडीवरच्या मत्स्योदरी देवीचे दर्शन घ्यावे आणि पुढे घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब पाहावे. जसजसे गोदावरीच्या अंगाने जाऊ, तसतशी जमीन खोल आणि भारी होत जाते. उसाचे फड आणि मोसंबीच्या बागा इथे दिसतील. याच पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस पडून गेला आणि कारखान्याची तोड आली की ऊस भरलेल्या ट्रॉल्या फडातच बसतात. एका ट्रॉलीला दोन-दोन ट्रॅक्टर लावून ओढताना तुम्ही पाहिले असेल.

इथे चार चाकांच्या ट्रॅक्टरचा खरा उपयोग आहे. साध्या ट्रॅक्टरचे ढोबळमानाने दोनतृतीयांश वजन मागच्या चाकांवर असते. उरलेले पुढचे वजन ओढायच्या कामी येत नाही, ते फक्त गाडी वळवते. पुढच्या चाकांनाही जोर मिळाला की तेही वजन कामाला लागते. शिवाय पुढची चाके मोठी असल्याने ती नांगराच्या फाळासारखी मातीत घुसत नाहीत.

पण थांबा. तुमच्या साध्या ट्रॅक्टरचा पुरता उपयोग तुम्ही करता काय, हे आधी तपासा. त्याला घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करा. ट्रॅक्टर रिकामा चालवून चाकाचे दहा फेरे मोजा आणि किती अंतर गेले ते टेपने पाहा. समजा ४० मीटर गेले. आता औजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजा. समजा या वेळी ३४ मीटरच गेले. म्हणजे ४० पैकी ६ मीटर, अर्थात शेकडा १५ इतके चाक नुसते घसरले. पंधरापर्यंतची घसर चालते. वीसच्या वर गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत चालले आहेत असे समजा. अशा वेळी मागच्या टायरांत तीनचतुर्थांश पाणी भरणे, कंपनीने सांगितलेली वजने लावणे, हवा योग्य ठेवणे आणि झिजलेले टायर बदलणे, हे उपाय आधी करावेत. एवढ्याने काम भागले तर नव्या ट्रॅक्टरचे कर्ज वाचेल.

वापशाला पर्याय नाही

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. चार चाकांचा ट्रॅक्टर ओल्या रानात जाऊ शकतो, म्हणून तो नेऊ नये. आपले वाडवडील वापसा आल्याशिवाय औत घालत नसत, त्याला कारण होते. ओल्या काळ्या मातीवरून जड चाक गेले की माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि वाळल्यावर तिचा दगड होतो. पुढे त्या चाकोरीत पीक खुरटते, पाणी मुरत नाही. बैलाचा पाय रुतला की आपण औत सोडत होतो. यंत्र काही बोलत नाही, म्हणून ते आपण ओळखायचे. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटला तर वापसा आला. चपटा होऊन तसाच राहिला तर घरी जा, चहा घ्या आणि दोन दिवस थांबा.

उत्तरेचा खडक, वाळू आणि उतार

आता तोंड फिरवून उत्तरेला जाऊ. राजूरच्या गणपतीला नमस्कार करून भोकरदन गाठावे. हे फार जुने गाव. 'भोगवर्धन' या नावाने सांची व भरहुतच्या शिलालेखांत ते येते. पैठणहून उत्तरेकडे जाणारे तांडे या मुलखातून जात. त्याही काळी गाडीवानाला हीच माती, हेच नाले पार करावे लागत असणार.

भोकरदन-जाफराबादकडे डोंगराच्या पायथ्याशी जमीन हलकी, मुरमाड होते. पाऊस उघडला की तासाभरात वाट चालती होते. इथे साधी दोन चाकांची गाडी पुष्कळदा पुरते. अडचण येते ती तीन ठिकाणी. उभ्या चढावर सुटे दगड असले की मागचे चाक भरकन फिरते. तिथे फोर व्हील टाकून, खालच्या गिअरात, सावकाश चढावे. ओल्या उताराला 'लो' गिअरात फोर व्हील ठेवली की इंजिनच चारही चाकांना धरून ठेवते. अशा वेळी क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नये आणि ब्रेकवर नाचू नये. तिसरी अडचण नदीपात्रातल्या वाळूची. वाळूत शिरताना टायरची हवा उतरवावी. जीपच्या तीस पौंडांची वीसवर आणली की टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरायला मात्र विसरू नये.

याच भागात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची इंग्रज सेनापती वेलस्लीशी मोठी लढाई झाली. वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी सांगितले की जवळपास उतार नाही. पण नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे त्याला दिसली. गावे अशी आमनेसामने वसली आहेत, त्या अर्थी माणसांची येजा असणार, म्हणजे उतार असणारच, असे त्याने ताडले आणि ते खरे निघाले. पुढे शिंद्यांच्या तोफांनी त्याच्या तोफा ओढणारे बैल मारले, तेव्हा इंग्रजांच्या तोफा जिथल्या तिथे अडकून पडल्या. लढाईचे राजकारण काही असो, गाडीवानाने त्यातून घ्यायचे ते एवढेच, की अनोळखी ठिकाणी रोजच्या वहिवाटीची वाट शोधावी. आणि ओढणारे बळ थांबले की मागचे सगळे थांबते.

दांडा केव्हा टाकावा?

अनुभवी चालकांत यावर दोन मते असतात. एक म्हणतो, चिखलाआधीच चार चाके जोडा. दुसरा म्हणतो, दोन चाकांवर जा आणि फसलात तर चार चाकांवर बाहेर या. माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

वाट ओळखीची आहे, पुढे पन्नास पावले गारा आहे आणि पलीकडे कठीण जमीन आहे हे ठाऊक आहे, अशा वेळी कोरड्यावर असतानाच फोर व्हील टाका. काळ्या मातीत चाक एकदा घसरले की ते स्वतःची कबर खणते, मग दांडा टाकून फारसे साधत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरात, एकाच वेगाने, मध्ये न थांबता आणि गिअर न बदलता पार व्हावे.

वाट अनोळखी असेल तर मात्र चार चाकांचा जोर परतीसाठी राखून ठेवा. दोन चाके नको म्हणू लागली की ती सूचना समजा. उतरा, काठी घ्या, पुढे पायी चालून पाहा. चार चाकांच्या भरवशावर जो फार आत जातो, तो फार आत जाऊन फसतो, आणि तिथून काढायला दुसरा ट्रॅक्टरही पोचत नाही.

कोरड्या डांबरी सडकेवर मात्र बहुतेक जीप आणि ट्रॅक्टरांची फोर व्हील काढलीच पाहिजे. अशा गाड्यांत पुढची-मागची चाके एकमेकांना जखडलेली असतात. वळणावर त्यांना वेगवेगळे फिरायचे असते. चिखलात ती थोडी घसरून जुळवून घेतात. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून टायर झिजतात आणि आतले दातेरी चाक तुटते. हेच डिफरन्शियल लॉकचे. तो सरळ जाताना दाबावा, वळताना सोडावा. आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरची ही सडक ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुली झाली. तिच्यावर दोन चाकांचा जोर पुरेसा आहे. चार चाकांनी तिथे ब्रेक काही लवकर लागत नाही, आणि टायरचे भान सुटले तर तीही वाचवत नाहीत.

पाण्यापुढे शहाणपण

फरशी पुलावरून पाणी वाहत असताना "आपली फोर व्हील आहे" असे म्हणून गाडी घालणारे लोक दिसतात. चार चाकांचा जोर जमिनीला चाक टेकले तरच लागतो. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. एकदा टायर जमिनीवरून उचलला की दोन काय आणि चार काय. त्यातून गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हेही दिसत नाही. ट्रॉलीत बायका-मुले असतील तर हा विचारही मनात आणू नका. नाल्याचे पाणी जसे झरकन चढते तसे उतरतेही. दोन तास उशीर झाला तर भाकरी थंड होईल, एवढेच.

फसल्यावर काय करू नये

चाक जागेवर फिरू लागले की लगेच थांबा. रेस वाढवू नका. खाली उतरून चाकापुढचा गारा खोऱ्याने काढा, पऱ्हाटी, तुराट्या, पाचट किंवा दगड घाला आणि शक्यतो आल्या चाकोरीने मागे निघा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. ट्रॅक्टर फसला म्हणून मागच्या चाकांना साखळीने ओंडका बांधून रेस देण्याची रीत काही ठिकाणी आहे. चाक फिरायला अडले की इंजिन चाकाभोवती सगळा ट्रॅक्टरच फिरवते. पुढची बाजू उचलते आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडतो. हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते, उडी मारायला सवड मिळत नाही. दुसऱ्याला ओढतानाही साखळी वरच्या दुव्याला किंवा सीटखालच्या भागाला बांधू नये. ती खालच्या ओढायच्या हुकालाच बांधावी, क्लच हळू सोडावा आणि साखळीच्या आसपास पोरेबाळे उभी राहू देऊ नयेत. मडगार्डवर बसायची सवयही सोडा. घरच्या मंडळींनी हे चालकाला निक्षून सांगावे, यात संकोच करू नये.

घ्यावी की न घ्यावी?

चार चाकांच्या गाडीची किंमत जास्त असते. पुढचा अ‍ॅक्सल, त्याचे तेल, सांधे, मोठे टायर यांचा खर्चही मागे लागतो. म्हणून घरात सगळ्यांनी बसून काही प्रश्नांची उत्तरे काढावीत. जमीन गोदाकाठची भारी आहे की डोंगराकडची मुरमाड? ऊस, ओलीत, जड ट्रॉली, खोल नांगरट यांची कामे किती? वर्षातले किती दिवस खरोखर वाट अडते? ट्रॅक्टर भाड्याने चालवणार काय? भारी जमीन आणि वर्षभर जड काम असेल तर चार चाके पैसे फेडतील. दहा-पंधरा एकर मध्यम जमीन आणि कापूस-सोयाबीनची कोळपणी-पेरणी असेल तर चांगले टायर, पुरेसे वजन आणि पायाखालचा लॉक यांवर साधा ट्रॅक्टर निभावून नेईल. जीपचेही तसेच. वर्षातल्या पंधरा दिवसांच्या चिखलासाठी उरलेले साडेतीनशे दिवस जास्तीचे डिझेल जाळायचे काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शेवटी एक विचार मांडतो. एका घराने चार चाकांची गाडी घेतली तर त्या घराची सोय होते. पण पाणंद दुरुस्त झाली तर बाळंतपणाला निघालेली लेक, शाळेची पोरे, दुधाचे कॅन आणि मोसंबीचा टेम्पो हे सगळेच बाहेर पडतात. २०२१ साली राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, तिची माहिती ग्रामपंचायतीत व पंचायत समितीत विचारा. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आहे. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, हे ध्यानात ठेवा.

सरकारी काम होईल तेव्हा होईल. मृगाआधी एका सकाळी भावकीतले आणि शेजारचे पाच-सहा जण खोरी-टिकाव घेऊन पाणंदीने चालून या. वाटेवर मुरूम टाकण्याआधी दोन्ही कडांच्या नाल्या मोकळ्या करा, कारण पाणी बाहेर गेले नाही तर टाकलेला मुरूमही चिखलाच्या पोटात जातो. नाल्या वाहत्या झाल्या की मग मधला भाग थोडा उंच ठेवून मुरूम पसरा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा फेरी मारा आणि पाणी कुठे तुंबले ते पाहून ठेवा. त्या वाटेवरून साधा ट्रॅक्टर दोन चाकांवर गेला, तर नवा घ्यायचा की नाही हे पुढच्या वर्षी सावकाश ठरवता येईल.